तलावाकाठचे कांदेपोहे

मुलाकडच्यांनी फोनवर कळवलं की घरी बसून कांदेपोहे वगैरे आता फार जुनाट झालं, आपण निसर्गात मोकळेपणाने भेटू. हे ऐकून माझी ताई हरखली आणि मी कपाळाला हात लावला. ज्यांना खरंच मोकळेपणाने भेटायचं असतं ते तसं आधी जाहीर करत नाहीत. पण भावजी गेल्यापासून भाचीच्या लग्नाच्या सगळ्या मोहिमांवर मामा म्हणून मलाच जावं लागतं, आणि ताईपुढे माझं काही चालत नाही. तुळशीचं लग्न आटोपलं, इंदुरात आमच्या सुदामा नगरातल्या मंगल कार्यालयांवर दिव्यांच्या माळा चढल्या, आणि ताईला पुन्हा रात्रीची झोप लागेनाशी झाली.

मुलगा पुण्यात नोकरीला. चार दिवस इंदूरला आला होता, आणि तेवढ्यात त्याला दोन कामं उरकायची होती, मुलगी बघणं आणि मासे पकडणं. दोन्ही एकाच सकाळी बसत होती. मासे पकडणाऱ्यांचा त्याचा कुठला तरी ऑनलाइन कंपू होता. त्यांची पैज अशी की एका सकाळी एकाच तलावात चार निरनिराळ्या जातींचे मासे पकडायचे, पट्टीवर ठेवून मोजायचे, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचे. लग्नासाठी पोटजातसुद्धा आपलीच हवी असं पहिल्याच फोनवर बजावणाऱ्या घराला माशांच्या मात्र चार जाती लागत होत्या. हातोदच्या बाजूला एक तलाव आहे, तिथल्या ठेकेदाराशी मुलाने आधीच बोलून ठेवलं होतं. आम्हाला बोलावलं ते त्यानंतर.

आता ताईची काळजी काय होती ते सांगतो, कारण त्या दिवशी मला पहाटे उठवलं गेलं ते त्या काळजीपोटीच. माझी भाची अन्नपूर्णाजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. दहावीची मुलं तिच्यापेक्षा डोक्याने उंच आहेत आणि तिच्या तासाला चकार शब्द काढत नाहीत. ती हुशार आहे, हजरजबाबी आहे, आणि बुटकी आहे. आजवरची सगळी स्थळं त्या शेवटच्या गुणामुळे फिसकटली. तोंडावर कोणी सांगितलं नाही. कोणाची नाडी एक निघाली, कोणाच्या मुलाला एकाएकी परदेशी जायचं ठरलं. पण प्रत्येक कार्यक्रमात, निघताना, चपला घालायच्या आधी मुलाची आई म्हणायचीच, जरा दोघं शेजारी उभी राहा बघू. मग पाठीला पाठ लावून दोघांना उभं करायचं, दोन्ही डोक्यांवरून तळहात फिरवायचा आणि हसून म्हणायचं, कळवतो. एकवीस पदव्या घेतलेली घरंसुद्धा हे करतात. मी पाहिलं आहे.

ताईने यावर शोधलेला उपाय होता चार बोटं टाचेची सँडल. वर जमिनीला टेकेल असा पलाझो, म्हणजे टाच दिसायला नको. आणि घरात चपला काढाव्या लागतात, तलावावर काढाव्या लागत नाहीत, म्हणून तर ती निसर्गावर इतकी खूश होती. निघताना तिने माझ्या हातात पोह्यांचा डबा दिला, वेगळ्या पुडीत शेव आणि वरून भुरभुरायचा जीरावन मसाला दिला, आणि फाटकाशी हळूच म्हणाली, "काही झालं तरी तिला सँडल काढू देऊ नकोस. एवढं एक कर."

चिखलाच्या काठावर मुलीला उंच टाचांवर उभं करायला निघालेलं बहुधा आमचंच एक घर असेल. मी मान हलवली आणि गाडी काढली.

वाटेत भाची खिडकीबाहेर बघत होती. हातोदचा फाटा आला तसं तिने आपणहून सांगितलं की मुलाशी तिचं तीनदा फोनवर बोलणं झालं आहे. "मामा, ह्याने अजून हाइट नाही विचारली," ती म्हणाली. "बाकीचे तर पहिल्या पाच मिनटात विचारून घेतात. हा ऐकतो. मतलब, मला चांगला वाटला." मग ती थोडी लाजली. मला वाईट वाटलं, कारण आता माझ्यावर नुसती सँडल सांभाळायची जबाबदारी राहिली नव्हती. पोरीला तो आवडला होता.

तलावावर पोचलो तर पाण्यावर धुकं होतं आणि धुक्याच्या अलीकडे, घडीच्या खुर्चीवर, शाल पांघरून मुलाची आई बसली होती. वडील आले नव्हते. पोटाची तक्रार होती म्हणे. शहाणा माणूस असावा. बाईंनी मला मामाजी म्हणून शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि दुसऱ्या वाक्याला त्यांचे सासरे-आजेसासरे काढले. ते दरबारात दिवाणसाहेबांच्या उजव्या हाताला बसत. इंदूरच्या मराठी घरांत मी आजवर जितके पणजोबा ऐकले ते सगळे दिवाणाच्या उजव्या हातालाच बसत आले आहेत. डावीकडे बसायला बहुतेक कोणी नव्हतंच, आणि दाराशी उभं राहणाऱ्यांचा वंश पुढे चालला नसावा.

मुलगा दिसायला बरा होता, उंच होता, हसून बोलला. छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून तो गवतावर बसला होता. शेजारी दोन फ्लोट ट्यूब फुगवून ठेवलेल्या. ही फ्लोट ट्यूब म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची हवेची गादी असते. मध्ये जाळीची बैठक. माणसाने त्यात बसायचं, कमरेखालचा भाग पाण्यात सोडायचा, पायांत बदकासारखे रबरी पंजे घालायचे आणि ते मारत तलावभर हिंडायचं. हात गळ टाकायला मोकळे राहतात. बाळाच्या पांगुळगाड्यात मोठा माणूस बसवला की जसा दिसेल तसा तो दिसतो. एवढ्या एका गोष्टीसाठी त्याने जे काही खर्चलं असेल त्यात आमच्या इथे लोक सेकंडहँड स्कूटर घेतात आणि तिच्यावर बायकामुलांना बसवून फिरवतात.

त्याच्याजवळ श्रीखंडाचा रिकामा डबा होता. मला वाटलं चटणी असेल. त्यात गांडुळं होती. बाईंनी माझी नजर पाहिली आणि घाईने खुलासा केला. "आमच्याकडे पूर्ण शाकाहार हं मामाजी. अंडंसुद्धा नाही. हा तर फक्त पकडतो आणि सोडून देतो."

मासे खाणारा माणूस मला समजतो. त्याला भूक असते, त्याच्या जिभेला चव असते. पण तोंडात हूक अडकवून ओढायचं, फोटो काढायचा, सोडून द्यायचं आणि वर आपण शाकाहारी म्हणून ताठ मानेने बसायचं, हा पुण्याचा मार्ग मला त्या सकाळी पहिल्यांदा कळला. गांडुळांचं काय, तेही विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

मग पोहे झाले. निसर्गात मोकळेपणाने भेटणं आणि कांदेपोहे यांत फरक एवढाच होता की घरी टेबल असतं. बाईंनी सांगितलं की मुलीलाच वाढू दे, म्हणून भाची त्या टाचांवर, ओल्या मातीत रुतत, एकेकाला बशी देत फिरली. प्रत्येक पावलाला टाच आत जायची आणि ती चेहरा हसरा ठेवून पाय उपसून घ्यायची. बाई बशीपेक्षा तिच्या पायांकडे जास्त बघत होत्या. मुलाने गांडुळाचे हात विजारीला पुसले आणि पोहे खाल्ले. छान झालेत म्हणाला. ते ताईने केले होते.

पोहे संपताच तो पंजे चढवून उठला आणि पाण्याकडे पाठ करून उलटा चालू लागला. पायांत पंजे असले की सरळ चालता येत नाही, अडखळून तोंडावर पडायला होतं, म्हणून पाण्यात मागे मागेच जायचं असतं. आमच्याकडे तोंड करून, ट्यूब कमरेशी धरून, तो एक एक पाऊल मागे टाकत गेला आणि पाणी मांड्यांना लागल्यावर मटकन बसला. बाईंनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या.

पहिला तिलापिया लागला. त्याने तिथूनच ओरडून सांगितलं. मांडीवरच्या पट्टीवर मासा आडवा ठेवला, फोटो काढला, सोडला. मग वीतभर रोहू. मग गांडुळाला एक मिशीवाला टेंगरा. रोहूच्या वेळी तो काठाजवळ होता, त्यामुळे मला सगळं नीट पाहता आलं. माशाचं तोंड पट्टीच्या एका टोकाला दाबून बसवायचं आणि शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जुळवायची. "शेपटी पिंच केली की लेंथ थोडी वाढून येते, मामाजी," तो म्हणाला. "चालतं, रूलमध्ये आहे." मला ताईच्या सँडलची आठवण झाली. मी भाचीकडे पाहिलं नाही.

चौथी जात हवी होती मरळ. ती काठाच्या बेशरमाच्या झुडपांत दबा धरून बसते आणि नकली बेडूक फेकला तर झडप घालते, असं तो सांगत होता. त्याने दहा-बारा वेळा बेडूक फेकला. मरळ आली नाही. मग कंटाळून काठाकडे आला आणि भाचीला म्हणाला, "तू पण चल ना. दुसरी ट्यूब आहे. तुला शिकवतो. चप्पल उतरव, फिन्स घाल."

मी ताडकन उभा राहिलो. तिला सर्दी आहे, म्हणालो. पाणी फार गार आहे, म्हणालो. तिला पोहता येत नाही, असंही म्हणालो. शाळेच्या स्पर्धेत पोहून तिने आणलेला कप आमच्या फ्रिजवर आहे. भाचीने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ताईने फाटकाशी काय सांगितलं ते तिला ठाऊक आहे. बहुधा दर वेळी ठाऊक असायचं.

"मामा, छोड़ो ना," ती शांतपणे म्हणाली. गवतावर बसली, सँडलचे पट्टे सोडले आणि दोन्ही सँडल शेजारी जोडीने ठेवल्या. मग उभी राहिली. पलाझो जमिनीवर लोळू लागला.

बाई खुर्चीतून उठल्या. तासभर त्यांना उठायला हात लागत होता, या वेळी लागला नाही. "अच्छा," त्या म्हणाल्या. "बेटा, जरा इकडे ये. आणि तू रे, हिच्या पाठीला पाठ लावून उभा राहा बघू."

"आई, छोड़ यार," मुलगा म्हणाला, आणि ट्यूबमधून निघून काठावर येऊन उभा राहिला.

मी आजही या माणसावर चिडतो तो याच गोष्टीसाठी. आई कशी असते हे काही त्याच्या हातात नव्हतं. पण तो उभा राहिला. पायांत बदकाचे पंजे, अंगावर रबरी विजार, तीन जातींचे मासे पकडलेला हा शूर गडी, आईने बोट दाखवलं तिथे पाठ टेकवून उभा राहिला आणि वर हसलासुद्धा. बाईंनी भाचीच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला आणि तसाच सरळ मागे नेला. तो मुलाच्या खांद्याच्याही खाली जाऊन टेकला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तलावाकडे पाहिलं. मला त्यांना तिथल्या तिथे काहीतरी सांगायचं होतं आणि मी सांगितलं नाही, कारण ताई घरी फोन हातात घेऊन बसली होती.

भाचीने पलाझो गुडघ्यांशी खोचला, लाइफ जॅकेट घातलं, पंजे चढवले. आणि पाण्यात मागे मागे जाऊ लागली. त्यामुळे तिला आमच्याकडे बघतच जावं लागलं. खुर्चीतल्या बाई, मी, पोह्यांचा डबा, सँडलची जोडी. दुसरं काही तिच्यासमोर नव्हतं. थंडीने तिचा श्वास अडखळला, पण ती थांबली नाही.

मग ती बसली, मुलगा तिच्या शेजारी जाऊन बसला, आणि पाण्यात दोघं सारख्याच उंचीची दिसू लागली. मला इतकं बरं वाटलं की मी बाईंना ते दाखवणार होतो. पण त्या नवऱ्याला फोन लावत होत्या.

शिकवणं पाचेक मिनिटं चाललं. जास्तीचा रॉड तिच्या हातात दिला, बेडूक कसा फेकायचा ते दाखवलं, हूक काढायचा चिमटा कुठे अडकवलाय ते सांगितलं. मग त्याला पलीकडच्या झुडपांत काहीतरी हललेलं दिसलं, आणि तो चौथ्या जातीच्या मागे निघून गेला. जाताना मान वळवून झुडपांकडेच बघत होता, तिच्याकडे नाही. वारा सुटला होता. भाचीची ट्यूब हळूहळू भलत्याच काठाकडे वाहत चालली. मी काठाने चालत हाका मारल्या. तिने हात वर करून ठीक असल्याचं सांगितलं. तिकडेही बेशरमाची झुडपं होती, आणि तिने, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून, बेडूक फेकला.

पाणी फुटल्याचा आवाज मला काठावर ऐकू आला. रॉड वाकला. तिची ट्यूब गरकन फिरली. ती ओरडली नाही. बराच वेळ तिची ओढाताण चालली, आणि शेवटी तिच्या मांडीशी पाण्यातून जे वर आलं ते काळं, जाड, आणि तिच्या हाताच्या लांबीचं होतं.

मुलाने ते पाहिलं आणि निघाला. या ट्यूबचं असं आहे की पंजे मारले की ती पाठीच्या दिशेनेच जाते. त्यामुळे मुलगा तिच्याकडे पाठ करून येत होता आणि मान वळवून वळवून ओरडत होता. पाण्यावरून शब्द न् शब्द ऐकू येत होता. "सोडू नको. होल्ड कर. नाप बाकी आहे." आणि थोडं जवळ आल्यावर, "फोटोत मीच धरतो. रॉड तर माझाच आहे ना."

भाचीने चिमट्याने हूक काढला. मरळ दोन्ही हातांनी पाण्यातच धरली होती. ती त्या माशाकडे बघत होती, मग तिने पाठमोऱ्या येणाऱ्या त्या माणसाकडे पाहिलं. तो दोन हातांवर आला असेल तेव्हा तिने हात उघडले.

काठावर आल्यावर मुलगा रीळ पुसत राहिला. निदान नाप तर घेऊ द्यायचा, नाप घेतल्याशिवाय काउंट नाही होत, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पाणी गार होतं का, भीती वाटली का, एवढी मोठी मरळ कशी ओढलीस, यातलं काही त्याने विचारलं नाही. फोनवर तीनदा ऐकून घेणारा तो हाच होता. बाईंनी शाल सारखी केली आणि मला म्हणाल्या की मुलगी बाकी छान आहे, पोहे तर फारच सुरेख, घरी ह्यांच्याशी बोलून आम्ही कळवतो.

हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकला होता की मी सवयीने हात जोडले. भाची ओढणीने पाय पुसत होती. तिने मान वर केली.

"नको काकू," ती म्हणाली. "तुम्ही नका कळवू. आम्ही कळवतो."

बाईंच्या घराण्यात दिवाणाच्या उजव्या हाताला बसून हे कोणी ऐकलेलं नसावं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. मुलाच्या हातातलं रीळ थांबलं. मी सँडल उचलायला वाकलो, तर भाची म्हणाली, "मामा, राहू द्या." नवीन होती, मी म्हणालो. तिने डबा उचलला आणि अनवाणी गाडीकडे चालू लागली. श्रीखंडाच्या डब्याशेजारी सँडल तशीच राहिली.

हातोद मागे पडेपर्यंत ती रडली. मी रेडिओ लावला, मग मूर्खासारखं वाटलं म्हणून बंद केला. "मला तो खरंच आवडला होता, मामा," ती म्हणाली.  लायकी नव्हती त्याची, असं म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण तीन फोनांत तिने काय काय मनात मांडलं असेल ते मला दिसत होतं, आणि त्या घडीला खरं बोलण्याचा मला तिटकारा आला.

तेवढ्यात ताईचा फोन आला. मी चालवत होतो, म्हणून स्पीकर लावला. मुलगा कसा आहे, लोक कसे आहेत, काही नाही. "सँडल काढली नाही ना तिने?" ताईने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण भाचीच बोलली. "काढली, आई. तिथेच सोडून आली. आता मी आहे तेवढीच दिसणार. पुढच्यांना आधीच सांगून दे, नाहीतर नको बोलवू कोणाला."

  ताई आता रडणार, नाहीतर मला शिव्या घालणार, अशा तयारीने मी गाडी कडेला घेतली.

"म्हणजे अनवाणी येतेयस तू," ताई म्हणाली.  "पाय गारठले असतील गं. ये, मी पाणी तापवून ठेवते."

भाचीने पाय वर सीटवर घेतले. मी हीटर लावला आणि गाडी रस्त्यावर आणली.